जांभळीच्या ढोलीतले काळीज

काही महिन्यांपूर्वी मुलांसाठी काढलेले एक मराठी चित्रपुस्तक हातात पडले. गोष्ट माकड आणि मगरीची. कागद उत्तम, छपाई सुबक. माकड मात्र सफरचंदाच्या झाडावर बसले होते. मागे देवदारासारखी टोकदार झाडे, काठावर ट्यूलिप, आणि त्या थंड मुलखातल्या नदीत एक हिरवीगार मगर. पुस्तक करणाऱ्यांपैकी एकजण ओळखीचे निघाले. त्यांना भीत भीत विचारले, तर ते हसून म्हणाले, "अहो, गोष्ट मैत्रीची आणि दग्याची आहे. झाडाचं काय एवढं घेऊन बसलात?"

हे उत्तर त्यांच्या एकट्याचे असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. पण बालसाहित्यावर बोलणाऱ्या पुष्कळ विचारी माणसांचे हेच मत आहे. प्राणिकथेतले प्राणी म्हणजे मुखवटे चढवलेली माणसे, आणि तिथले रान, तळे, नदी म्हणजे त्यांच्या मागे टांगलेला रंगीत पडदा. कथेचा आशय पात्रांच्या वागण्यात असतो. पडदा बदलला तरी नाटक तेच राहते.

हे मत मला मुळातून चुकीचे वाटते. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, आणि त्याला बळ आहे.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे. पंचतंत्र हे नीतिशास्त्र आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणे करायचे म्हणून विष्णुशर्म्याने ते सांगितले. त्याला राज्य चालवणारी माणसे घडवायची होती, रानाशी त्याला काय कर्तव्य? म्हणून तर बहुतेक गोष्टींत स्थळवर्णन एका ओळीत आटोपते. दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. या कथा जगभर फिरल्या. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्याने त्या पहलवीत नेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांचे 'कलीला व दिम्ना' हे अरबी रूप सिद्ध केले आणि तिथून त्या युरोपभर गेल्या. वाटेत झाडे बदलली, प्राणीही बदलले, तरी कथा जगल्या. मग निसर्ग आशयाचा भाग कसा? तिसरे म्हणणे निसर्गाच्या खरेपणाचे. मगर कधी जांभळे खाते काय? सिंहाची बैलाशी मैत्री होते काय? ज्या कथेत निसर्गच खोटा, तिथे निसर्गातून अर्थ कसा निघणार? आणि शेवटचे, नेहमी ऐकू येणारे: मुलांना पुढे काय झाले एवढेच हवे असते, काठावर कुठले झाड होते हे कोण पाहतो?

यातल्या एका गोष्टीची कबुली आधीच देऊन टाकतो. पंचतंत्रात दमनक आणि करटक हे कोल्हे राजनीतीवर पल्लेदार चर्चा करू लागतात तेव्हा रान खरोखर नाहीसे होते आणि दरबार उरतो. आजकालच्या ज्या गोष्टींत ससोबा दप्तर घेऊन शाळेत जातात, तिथेही ससा हा निव्वळ मुखवटा आहे. एवढे मान्य. पण या कबुलीतून सगळ्या प्राणिकथांचा निकाल लागतो काय?

स्थळवर्णन एका ओळीचे आहे, खरे आहे. पण थोडके म्हणजे बिनमहत्त्वाचे, हे समीकरण कुणी मांडले? ऐकणाऱ्याला जे माहीत आहे ते सांगणारा सांगत नाही. ज्याने उन्हाळ्यात तळे आटताना पाहिले आहे, तळाशी भेगाळलेली माती आणि मधल्या डबक्यात तडफडणारे मासे पाहिले आहेत, त्याला 'पाऊस पडला नाही आणि तळे आटू लागले' एवढे पुरते. ती एक ओळ वर्णन म्हणून नाही, कारण म्हणून येते.

ते कारण किती खोलवर पोचते याचा दाखला पंचतंत्रातच आहे. कंबुग्रीव नावाच्या कासवाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दोन हंस काठीची दोन टोके चोचीत धरतात, मधे कासव तोंडाने लटकते, खालच्या लोकांचा गलबला ऐकून बोलायला तोंड उघडते आणि पडून मरते. शाळेत याचे तात्पर्य शिकवतात: फार बोलू नये. पण कासव आकाशात काय करत होते? तळे आटले होते. मित्र असलेल्या हंसांना दुसऱ्या पाण्यावर उडून जाता येत होते, त्याला येत नव्हते. तोंड ही कासवाची एकच गोष्ट त्या क्षणी त्याला जगाशी बांधून होती, आणि ज्या हवेशी त्याचा जन्मात संबंध नव्हता त्या हवेत ते टांगले होते. स्वतःच्या पाण्यात हेच कासव दिवसभर बडबडले असते तरी त्याचे काय बिघडले असते? बोलणे हा दोष मरणाइतका महाग झाला तो जागेमुळे.

आता ही गोष्ट कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. समुद्रकाठी अंडी घालायला निघालेली एक टिटवी ती आपल्या नवऱ्याला सांगते, कारण समुद्र अंडी नेईल अशी तिला धास्ती आहे. त्याच बोलण्यात ती दुसरी गोष्ट सांगते ती तीन माशांची. उद्या इथे जाळे टाकू, असे कोळी बोलत जातात. अनागतविधाता वेळीच तळे सोडतो, प्रत्युत्पन्नमती ऐन वेळी युक्ती करून सुटतो, यद्भविष्य मरतो. म्हणजे पाण्याच्या काठावरची एक आई, आटणारे एक तळे, आणि सोडून जावे की राहावे असा पेच टाकणारे दुसरे तळे. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: ज्या जागेवर जीव अवलंबून आहे ती जागाच उलटली तर काय करायचे? कथाकाराने या गोष्टी पात्रे पाहून एकत्र गुंफलेल्या नाहीत, टिटवी, कासव आणि मासे यांच्यात साम्य काय? त्याने त्या पाण्यावरून गुंफल्या आहेत. पडद्यावरून कुणी नाटके गुंफतो काय?

आणि टिटवीच का? चिमणी का नाही, सुगरण का नाही? टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा करते, भोवती बारीक खडे मांडते आणि खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी घालते. बहुधा चार. माळावर चालताना त्यांवर पाय पडायला येतो तरी ती दिसत नाहीत. टिटवी मात्र डोक्यावर घिरट्या घालून कानठळ्या बसवते. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाणी फार, असे आपले शेतकरी अजून म्हणतात. ज्या पाखराची सगळी पिढी आडोशाशिवाय जमिनीवर पडलेली असते, त्या पाखराने समुद्राशी भांडण मांडावे, यात दुबळ्याच्या हट्टाचा सगळा आशय आहे. झाडावरच्या चिमणीकडून ही गोष्ट उभी राहिली नसती.

आता फिरस्त्या कथांचा मुद्दा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत पक्का बुरूज आहे, म्हणून इथे थांबू. माकड आणि मगर हीच कथा घेऊ. जातकात ती गंगाकाठी घडते आणि झाड उंबराचे आहे. पंचतंत्राच्या प्रचलित संस्कृत पाठात ती समुद्राच्या कडेला घडते आणि झाड जांभळाचे आहे. अरबीत झाड अंजिराचे आहे आणि मगरीच्या जागी चक्क कासव आहे. पूर्वपक्ष म्हणतो, बघा, सगळे बदलले. मी म्हणतो, काय बदलले नाही ते बघा. झाड पाण्यावर झुकलेले आहे. फळ मऊ, रसाळ, आपोआप गळणारे आहे. एक प्राणी वर आहे, त्याला पोहता येत नाही. एक खाली आहे, त्याला चढता येत नाही. या तिन्ही पाठांत या चार गोष्टी कुणी बदलल्या नाहीत. अरबी पाठात तर अंजीर पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज माकडाला आवडतो म्हणून ते फळे टाकत राहते आणि खालच्या कासवाला वाटते, हा आपल्यासाठीच टाकतो आहे. सबंध मैत्री पाण्याच्या एका आवाजातून उगवते. याला पडदा म्हणायचे?

शिवाय झाड बदलले ते का बदलले? उंबर असो, जांभूळ असो, अंजीर असो, सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या ओळखीचे, नदीकाठी शोभणारे झाड धरले. स्थळाला मोल नसते तर इतकी काळजी कुणी घेतली असती? बदल हा बेफिकिरीचा पुरावा नाही. तो काळजीचा पुरावा आहे. सफरचंदवाल्यांनी नेमके उलटे केले: ओळखीचे झाड काढून परके लावले, आणि तेही कुणाच्या ध्यानात न येता.

संस्कृत पाठात आणखी एक बारकी गोष्ट आहे. तिथले जांभळाचे झाड बारमाही फळणारे आहे, असे कथाकार मुद्दाम सांगतो. आपल्याकडे जांभळे येतात ती ज्येष्ठाच्या सुमारास, आणि पावसाच्या दोन-चार सरी कोसळल्या की संपतात. टोपलीभर जांभळांनी सगळ्या वाड्याच्या जिभा जांभळ्या होतात त्या पंधरा-वीस दिवस. कथेतली मैत्री मात्र एका मोसमाची नाही, करालमुख हा मगर रोज येतो, बायकोसाठी फळे नेतो, आणि रोज असली फळे खाणाऱ्याचे काळीज किती गोड असेल असे तिच्या मनात येते. इथे निसर्गाचा नियम मोडावा लागणार हे कथाकाराने ओळखले आणि तो मोडतो आहे असे एका शब्दात सांगून टाकले. ज्याला निसर्गाची पर्वा नाही त्याला अशी परवानगी मागावी लागत नाही.

आणि मग या कथेचे मर्म. मधोमध पाण्यात आल्यावर माकडाला कळते की आपले काळीज खायला नेत आहेत. ते म्हणते, काळीज तर झाडाच्या ढोलीत ठेवले आहे. आपण याला थाप म्हणतो, हजरजबाबीपणा म्हणतो. जरा थांबून पाहा. पाण्याच्या मधोमध माकडाजवळ काय होते? पळणे नाही, चढणे नाही, फांदी नाही. त्याचे सगळे सामर्थ्य खरोखरच काठावरच्या त्या झाडावर राहिले होते. माकडाने सांगितले ते शब्दशः खोटे आणि अर्थाने तंतोतंत खरे. करालमुखाला ते पटते ते मूर्खपणामुळे की, ज्याचे त्याचे बळ ज्याच्या त्याच्या जागेत असते हे त्यालाही आतून ठाऊक आहे म्हणून? सफरचंदाच्या झाडाला, मागे देवदार असताना, ही ढोली कुठून आणायची?

ज्यांना हे ओढूनताणून वाटते त्यांनी त्याच ग्रंथातला हिरण्यक आठवावा. हा उंदीर उंच उडी मारून शिंक्यावरचे अन्न पळवतो, कारण त्याच्या बिळाखाली धन पुरलेले आहे. बीळ खणून धन काढून नेल्यावर त्याची उडी संपते. मित्र कसे जमतात ते सांगणाऱ्या तंत्रात हा उंदीर बिळातला, लघुपतनक कावळा झाडावरचा, मंथरक कासव तळ्यातले आणि चित्रांग हरीण कुरणातले. एक जमिनीखाली, एक हवेत, एक पाण्यात, एक जमिनीवर. कासव पकडले जाते ते पाण्याबाहेर आल्यामुळे. सुटका होते ती अशी: हरीण पाण्याच्या कडेला मेल्याचे सोंग घेते, कावळा त्याच्या डोळ्याला टोचल्यासारखे करतो, पारधी कासव खाली ठेवून धावतो, उंदीर दोर कुरतडतो, कासव सरपटत पाण्यात जाते. प्रत्येकजण आपापल्या थरातले तेच काम करतो जे दुसऱ्याला येत नाही. मैत्री म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या कुठल्या सुभाषितात सापडेल? आणि ही व्याख्या रानाच्या रचनेखेरीज कशातून केली आहे?

तिसरा मुद्दा खोट्या निसर्गाचा. इथे पूर्वपक्ष मुद्दाम थोडे कमी पाहतो, असे नम्रपणे म्हणावे लागते. ताडोबात, पेंचमध्ये, कान्ह्यात वानरांच्या झाडाखाली चितळांचा कळप चरताना कुणीही पाहू शकतो. वानरे अर्धवट खाल्लेली पाने-फळे टाकतात, चितळे ती वेचतात, आणि वाघाचा वास लागला की दोघेही एकमेकांना सावध करतात. वरचा टाकतो आणि खालचा खातो, ही मैत्री कुण्या पंडिताने बैठकीत बसून रचलेली नाही. राहता राहिली मगरीची जांभळे. मगरवर्गीय प्राण्यांच्या आहाराचा एक आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८ जातींपैकी १३ जातींनी फळे खाल्ल्याच्या नोंदी त्यात निघाल्या. माझा युक्तिवाद यावर उभा नाही, पण 'मगर कधी फळ खाते काय' असे ठासून विचारणाऱ्यांनी पुढच्या वेळी जरा सबुरीने विचारावे.

सिंह आणि बैलाची मैत्री अशक्य आहे, हे मात्र खरे. आणि कथाही तेच सांगते. संजीवक बैल यमुनेकाठी मागे राहतो, तिथल्या हिरव्या चाऱ्यावर धष्टपुष्ट होतो. पाणी प्यायला आलेला पिंगलक सिंह त्याची डरकाळी ऐकून तहानलेलाच थबकतो. पुढे दोघांची मैत्री होते, सिंहाचे शिकारीतले लक्ष उडते, आणि त्याच्या उरल्यासुरल्यावर जगणारे कोल्हे उपाशी पडतात. दमनकाच्या कारस्थानाचे मूळ तिथे आहे, रिकाम्या पोटात. वाघामागे फिरून त्याच्या शिकारीवर जगणारे कोल्हे शिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत. गवत खाणारा आणि मांस खाणारा यांच्या मैत्रीची किंमत तिसऱ्याला मोजावी लागते, असे हे राजकारण आहे, आणि ते अन्नसाखळीवर उभे आहे.

(जाता जाता एक तक्रार. इसापाचा 'फॉक्स' मराठीत कोल्हा झाला आणि पंचतंत्रातला शृगालही कोल्हाच. वास्तविक पहिला खोकड. एकटा, स्वतःच्या बिळाच्या आधाराने राहणारा खोकड द्राक्षांवर रुसतो. दुसऱ्याच्या शिकारीवर नजर ठेवणारा कोल्हा राजाचे कान भरतो. दोन वेगळ्या जगण्यांतून आलेले दोन वेगळे स्वभाव एका शब्दात कोंबून आम्ही वर 'कोल्हा धूर्त असतो' असे मुलांना शिकवतो.)

राहिला मुलांचा मुद्दा. काऊ आणि चिऊची गोष्ट घ्या. मराठी मुलाच्या कानावर पडणारी ती बहुधा पहिली गोष्ट. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, तो चिऊच्या दाराशी येतो. आपण म्हणतो, चिऊ दूरदर्शी, काऊ आळशी. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या पाच वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगत होतो. वीज गेलेली, अंगाची लाही होत होती. तिने मधेच अडवले: "आजोबा, मग उन्हाळ्यात चिऊचं घर वितळत नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि या गोष्टीवर लिहिणाऱ्या कुणाजवळ असेल असे वाटत नाही. गोष्ट चैत्रात सांगितली असती तर दूरदर्शी कोण ठरला असता? शेणाचे सारवण तापत्या उन्हात घर गार ठेवते, हे सारवलेल्या घरात राहिलेल्या कोणाही बाईला विचारा. काऊ आणि चिऊ यांतला शहाणा कोण, हे त्यांच्या स्वभावाने नाही, ऋतूने ठरवले आहे. ती गोष्ट पावसाळ्याची आहे, पावसाकडे डोळे लावून बसलेल्या आणि पावसालाच भिणाऱ्या मुलखाची आहे. जिथे भिंती आणि अंगण दर पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपावे लागते त्या घरांची आहे. पाच वर्षांच्या पोरीने हे ओळखले. मुले स्थळाकडे पाहत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी मुलांना कधी नीट गोष्ट सांगितली आहे काय?

मला वाटते, मूळ दोष 'तात्पर्या'चा आहे. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात इसापनीती मराठीत आणली, हे त्यांचे मोठे काम. पण पुढे शाळांनी गोष्टीखालचे तात्पर्य उचलले आणि गोष्ट पिळून टाकलेल्या उसासारखी बाजूला ठेवली. तात्पर्यात तळे बसत नाही, म्हणून तळे नव्हतेच असे आपण मानू लागलो. आपली भाषा मात्र असे मानत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत: यातले कुंपण काढा, काय उरते? कूपमंडूकातला कूप काढला तर नुसता बेडूक राहतो, आणि नुसत्या बेडकाला कुणी संकुचित म्हणत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, यातले सगळे शहाणपण पाण्यात आहे. निरक्षर बाया-बापड्यांनी घडवलेल्या या म्हणी म्हणजे एका ओळीच्या प्राणिकथाच आहेत, आणि त्या प्रत्येकीत अर्थ जागेने दिलेला आहे.

किपलिंगचे उदाहरण पूर्वपक्षाकडून हमखास येते, म्हणून त्याचेही उत्तर देतो. 'जंगल बुक' १८९४ साली आले. लिहिले गेले अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये. आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहणारी वैनगंगा ज्या सिवनीच्या मुलखात उगम पावते तिथले ते रान किपलिंगने पुस्तकांतून उभे केले. मग स्थळ बिनमहत्त्वाचे ठरले ना? उलट. १८९५ च्या दुसऱ्या भागात अवर्षणाची एक कथा आहे. नदी आटत आटत एक खडक उघडा पडतो, आणि तो दिसला की पाण्यावर शिकार बंद, असा सगळ्या रानाचा कायदा लागू होतो. वाघ आणि हरीण एकाच डोहावर पितात. रानाचा सगळा कायदा त्या दुष्काळात पाण्याच्या पातळीवर लिहिलेला आहे. न पाहिलेल्या रानाची सुद्धा इतकी नेमकी कल्पना लेखकाला करावी लागली, यातच सगळे आले.

पूर्वपक्षाने एका गोष्टीचे उत्तर द्यावे, एवढीच विनंती. तळे, जांभूळ, ढोली, पाऊस, वैनगंगेतला खडक हे सगळे काढून टाकून या कथा सांगून दाखवाव्यात, आणि मग त्यांतून मैत्री, लोभ, हट्ट किंवा दूरदृष्टी यांपैकी काय उरते ते वाचकांपुढे ठेवावे. निवाडा वाचकांनी करावा.

ते चित्रपुस्तक मी भाचीच्या मुलीला दिले नाही. पुन्हा छापायचे ठरले तर प्रकाशकांनी एखाद्या चित्रकाराला जून महिन्यात कुठल्याही ओढ्याकाठी पाठवावे. जांभळीची झाडे अजून तिथे आहेत.